मी उपटलेला प्रकल्प

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण आपल्या लालबागमध्ये कुणाकडे बोलू नका. वीस वर्षं मी मलनिस्सारण खात्यात कारकुनी करतोय. अख्ख्या शहराचं सांडपाणी माझ्या टेबलावरून जातं, अर्थात कागदावर. त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. चुलतभावाची बायको, आमची सुमनवहिनी, आता सरपंच आहे. पूर्वी तिथलं मोरीचं पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळातून खालच्या शेतांत जायचं. वहिनीने दोन वर्षं दारोदार फिरून लोकांना समजावलं आणि वरच्या वाडीपुरता सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प उभा केला. तो बघायला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांना पसंत पडला, तर खालच्या वाडीलाही पाइप मिळणार होते. ही सगळी माहिती तिने घरच्या ग्रुपवर टाकली होती. मी न वाचताच खाली अंगठा टाकला होता.

साहेब यायच्या आदल्या सकाळी वहिनी पंचायतीत अडकलेली. आम्ही पाच चाकरमानी प्रकल्प बघायला गेलो. बघतो तर काय? ना पंप, ना मोटर, ना कसली घरघर. एक सिमेंटची टाकी, आणि तिच्यापुढे खडीचा लांबलचक वाफा, त्यात कमरेइतकं रान माजलेलं.

"अरे, पण प्रकल्प कुठाय?" माझा मित्र बंड्या म्हणाला.

"या रानाखाली असणार," मी म्हणालो.

"ही कर्दळ आहे रे. फुलं बघ ना."

"फुलं आली म्हणून रान ठेवायचं? उद्या साहेबांसमोर वहिनीचं नाक कापलं जाईल. चल, श्रमदान."

लालबागचा माणूस एकदा श्रमदानाला लागला की त्याला कोण आवरणार? दोन तासांत वाफा स्वच्छ. "मुळासकट काढा, नाहीतर परत उगवतं," हे मार्गदर्शन माझंच. वर ग्रुपवर फोटो टाकला, 'वहिनी, काम फत्ते.'

वहिनी धावतच आली आणि वाफ्याच्या काठावर थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भावजी, ह्या काय केलात?"

"साफसफाई. आता कसा प्रकल्प दिसेल बघ."

"खंयसून दिसतलो? तो तुमी उपटून टाकलात." ती मटकन खाली बसली. "त्या मुळांनीच पाणी साफ होता, भावजी. आता सायबांका काय दाखवू?"

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने दोन वर्षं चपला झिजवल्या आणि मी दोन तासांत त्यावर पाणी फिरवलं, तेही घाण. पण वहिनी लगेच उठली. ढिगातली एक कर्दळ उचलून तिने मुळं चाचपली. "मुळां शाबूत आसत. चला, लावा परत."

दुपारभर वाडीतल्या बायका सांगत होत्या आणि आम्ही पाच जण खडीत गुडघे टेकून कर्दळ लावत होतो. कोणी आम्हाला एक शब्द वावगा बोललं नाही. उलट सोलकढी पाजली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळी कर्दळ माना टाकून उभी, आणि पलीकडून निघणारं पाणी गढूळ. साहेबांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "जरा छाटणी केली, साहेब." माझं नाव काही घेतलं नाही तिने. मग मलाच राहवलं नाही. पुढे होऊन सगळं सांगितलं.

"आपण मुंबईत काय करता?" साहेबांनी विचारलं.

"मलनिस्सारण खात्यात आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन महिन्यांनी येतो," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी ते खरंच आले. कर्दळ तरारली होती, पाणी नितळ होतं, खालच्या वाडीचे पाइप मंजूर झाले. गणपतीला गेलो तेव्हा वहिनीने माझ्या हातात पत्र्याची पाटी आणि रंगाचा डबा दिला. "तुमचा अक्षर बरा आसा, भावजी."

तेव्हा आमच्या गावी कधी गेलात, तर वाफ्याजवळची ती पाटी जरूर बघा. 'हे रान नाही. उपटू नये. मुंबईकरांनी विशेष काळजी घ्यावी.' वीस वर्षांच्या नोकरीत सांडपाण्यासाठी मी हाताने केलेलं एवढं एकच काम.