टॉवेल मी टाकला होता

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या माणसांनो, आणि पेठ सोडून माझ्यासारखं मुंबईला पोट भरायला आलेल्यांनो, आधी चूक सांगतो. यशवंत ज्या लढतीत हरला, त्या लढतीत टॉवेल मी टाकला होता. त्याला वाचवायला नव्हे. तो जिंकेल या भीतीने टाकला. ती कुस्ती नव्हती, बॉक्सिंग होतं, पण तुम्ही आपल्या शब्दात तिला नुरा म्हणालात, म्हणजे ठरवून हरलेली लढत. इतकी वर्षं तुम्ही म्हणत आलात आणि मी ऐकत आलो.

आम्ही दोघांनी एकाच सकाळी कोल्हापूर सोडलं. स्टेशनवर आबा आले होते. आबा म्हणजे यशवंताचे वडील, माझे थोरले चुलते. मी रांगत असताना माझा बाप गेला, तेव्हापासून आबांनी आम्हा दोघांना एकसारखंच वाढवलं. दूध एका मापाचं, मार एका हाताचा. काकूंनी भाकरी आणि खर्डा बांधून दिला होता. आबा फारसं बोलणारे नव्हते. गाडीची शिट्टी झाल्यावर म्हणाले, "हराय लागलं तर हरा. पर पाठ मातीला लागल्याबिगर हरलो म्हणू नगा." यशवंत रडत होता. मी रडलो नाही. गाडी हलली तेव्हा आबा त्याच्या खिडकीला धरून चार पावलं चालले. माझी खिडकी पलीकडची होती, तिकडे त्यांना येता आलं नसतं, हे मला कळत होतं. तरी ती चार पावलं मी मिरजेपर्यंत मनात घोळवली.

संस्थान विलीन झालं आणि दरबारकडून पैलवानांना मिळणारा खुराक बंद झाला. बदाम, तूप, बोकडाचं मटण, सगळं घरच्या शेतावर निघण्यासारखं नव्हतं. तालमीतली कितीतरी मुलं अशीच पांगली. कुणी पोलिसात गेलं, कुणी कागलकडे उसात परतलं. आम्ही मुंबईला गेलो. तालमीत आम्ही जोडीदार होतो. रोज पहाटे एकमेकांशीच लढायचो आणि बहुतेक वेळा मी त्याला पाडायचो. वस्ताद चारचौघांत म्हणायचे, "दत्तू नाव काढंल. यश्या आपला जोड म्हणून बरा." हे वाक्य मी मुंबईला बरोबर नेलं होतं.

मला गिरणीत बदलीचं काम मिळालं. यशवंताला फोर्टातल्या एका जिमखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. तिथे फर्नांडिस मास्तर नावाचे एक म्हातारे गोवेकर बॉक्सिंग शिकवत. एके दिवशी त्यांनी गंमत म्हणून या पहारेकऱ्याच्या हातात ग्लोव्हज चढवले आणि मग त्याला सोडलंच नाही. मला म्हणाले, "ह्याचे पाय जमिनीत रोवलेले आहेत, मॅन. हात मी शिकवतो." मी मनात हसलो. तालमीत मूठ उगारणाऱ्याला वस्ताद मातीच्या हौदातून बाहेर काढायचे. माणसाला धरून, तोलून, मातीवर ठेवायचं, ही आपली विद्या. ठोसे काय, बाजारातला गाडीवानही मारतो.

पण त्याच ठोशांना टाळ्या मिळायला लागल्या. पैसे घेऊन लढणाऱ्यांना तिथे एकेक नाव ठेवत. त्याचं नाव ठेवलं 'किड कोल्हापूर'. परळच्या ज्या भिंतीजवळून मी पाळीला जायचो, त्या भिंतीवर त्याचं चित्र लागलं आणि खाली हे नाव. लढतीच्या संध्याकाळी खलाशी, रेल्वेवाले, गोवेकर, इराणी, सगळे एका गळ्याने ओरडायचे, "कोल्हापूर! कोल्हापूर!" माझंही गाव तेच होतं. माझ्या गावाचं नाव हजारो माणसं घेत होती आणि ते माझ्यासाठी नव्हतं. हे कुणाला सांगण्यासारखं दुःख नव्हे, पण मी ते दुःख अंथरुणात घेऊन झोपायचो.

आणि मी लांबही नव्हतो. यशवंताने मास्तरांना सांगितलं होतं, "कोपऱ्यात माझा मानूस पायजे." म्हणून मी त्याचा सेकंड झालो. प्रत्येक फेरीनंतर मिनिटभराची विश्रांती असते. तेवढ्यात त्याला स्टुलावर बसवायचं, बादली पुढे धरून चूळ भरायला द्यायची, तोंड पुसायचं, जखमेवर तुरटी दाबायची. खानावळीत आपली मंडळी थट्टा करायची, "काय बादलीवालं पावणं, आज कुणाचं थोबाड धुतलंसा?" मी हसायचो. ज्याला मी रोज पाडत होतो, त्याची थुंकी माझ्या बादलीत पडत होती.

ती लढत मद्रासकडच्या एका रेल्वेच्या बॉक्सरशी होती. जिंकणाऱ्याला सिंगापूरला नेणार होते. यशवंत आठवडाभर मला सांगत होता, "दत्त्या, जिकलो तर तुलाबी नेतो. बोटीनं जायाचं, लेका!" तो मनापासून बोलत होता. मला मात्र बोटीवरसुद्धा बादलीच दिसत होती.

नेमके मास्तर तापाने पडले आणि त्या संध्याकाळी कोपरा एकट्या माझ्या हाती आला. कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की लढत थांबते आणि समोरचा जिंकतो, हा त्या खेळातला नियम. तो अधिकार त्या दिवशी माझा होता.

दहा फेऱ्यांची लढत. सातवीत त्याची भुवई फुटली. पण गुण त्याचे जास्त होते, हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. मी तुरटी दाबली, रक्त थांबलं. "कसा हाय डोळा?" त्याने विचारलं. "बरा हाय," मी म्हणालो. ते खरं होतं.

आठवीत मद्रासवाल्याने त्याला दोरांवर रेटलं. यशवंताने दोन्ही हात तोंडाशी धरले, मान खाली घातली, तोंडाने श्वास घ्यायला लागला. लोकांना वाटलं, संपला. मला तसं वाटलं नाही. हा त्याचा तालमीतला जुना डाव होता. दमल्याचं सोंग करायचं, समोरच्याला निर्धास्त अंगावर येऊ द्यायचं आणि मग फिरायचं. मला त्याची खूण ठाऊक होती. खरोखर दमला की त्याच्या टाचा जमिनीला टेकायच्या. सोंगात तो चवड्यांवर असायचा. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. टाचा वर होत्या. आता दोन क्षणांत तो फिरणार, मद्रासवाला आडवा होणार आणि सगळं मैदान माझ्या गावाचं नाव घेणार, हे मला लख्ख दिसलं.

मी टॉवेल टाकला.

पंच मध्ये आले. यशवंत टॉवेलकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. लोक शिव्या देत होते. आत गेल्यावर त्याने विचारलं, "दत्त्या, डोळा लई वाईट दिसत हुता का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग बरं केलंस." एवढंच बोलून तो ग्लोव्हजच्या दोऱ्या सोडायला लागला. मास्तरांनीही नंतर माझ्या पाठीवर थाप मारली. असा सेकंड मिळायला नशीब लागतं, म्हणाले. सिंगापूरला मद्रासवाला गेला.

त्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आम्ही घरी आलो. हरल्याची बातमी आमच्याआधी पोहोचली होती. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमले. आबाही होते. वस्तादांनी यशवंताला समोर उभं केलं.

"पाठ लागली?"

"न्हाय, वस्ताद."

"शुद्ध गेली हुती?"

"न्हाय."

"हात-पाय मोडला?"

"न्हाय."

"मग हरलास कसा, पैलवान?"

"टावेल पडला."

"कुनाचा? त्येचा?"

"आमच्याच कोपऱ्यातनं."

कट्टा हसून हसून लोळला. "ह्यो बघा नवा डाव! उभ्या मानसानं आपलाच पंचा टाकून हरायचं! आमच्यात ह्येला नुरा म्हंत्यात, किड कोल्हापूर!" कुणीतरी वर विचारलं, "कितीला इकलं गावचं नाव?"

यशवंताने माझ्याकडे पाहिलं. तो मदत मागत नव्हता, फक्त वाट पाहत होता. मी तिथे होतो, मला नियम ठाऊक, मी सांगेन, असं त्याला वाटलं असणार. मी वाकून पायातला काटा काढायला लागलो. काटा नव्हता. त्यानेही माझं नाव घेतलं नाही. आबा उठले, फेटा सारखा केला आणि घराकडे चालू लागले.

त्यानंतर यशवंत कोल्हापूरला गेला नाही. आणखी थोड्या लढती लढला, त्याही लहानसहान. मग गिरणीकामगारांच्या व्यायामशाळेत शिकवायला लागला. माझं बरं चाललं होतं. कायम झालो, लग्न झालं, दोन खोल्या झाल्या. दर दिवाळीला मी घरी जायचो. काकू पांढरा रस्सा करायच्या, आबा पाऊसपाणी विचारायचे. यशवंताचा विषय निघत नसे. पण जेवताना आबांची नजर दाराकडे जायची. बाहेर कुणी खाकरलं तरी घास थांबायचा. मी समोर बसलेला असायचो, आणि जो आला नाही त्याचा मला हेवा वाटायचा. त्याचं सगळं घालवूनसुद्धा तो माझ्यापुढेच होता.

एका दिवाळीला ताट वाढलेलं असताना आबांनी अचानक विचारलं, "तू तर तितं हुतास. त्यो इकला गेला हुता का?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. उत्तराला भीत असावेत. म्हातारपणाने आता ती भीतीही उरली नव्हती. त्यांचा हात भाकरीवर तसाच होता. मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं, टाचांसकट.

ते ओरडले नाहीत. काकू चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसल्या. आबा भाकरीवरचा हात उचलून म्हणाले, "मला काय सांगतोस? त्येला सांग. मग ह्या घरात जेव." मी न जेवता उठलो. उंबऱ्यात काकूंनीही मला थांबवलं नाही.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या दिवसांत यशवंत त्यांच्याजवळ होता आणि आज तो पेठेतच राहतो. तरी अजून कट्ट्यावर त्याच्या पाठीमागे तो शब्द निघतो, असं ऐकतो. तो स्वतः कुणाला काही सांगणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मुंबईत मला कुणी गाव विचारलं की मी अजून 'कोल्हापूर' म्हणतो, पण दबक्या आवाजात. घर म्हणजे आपण जन्मलो ती जागा, असं मी समजत होतो. आता वाटतं, जिथे खरं बोलल्याशिवाय आपल्याला जेवायला बसवत नाहीत, ते घर. माझं ते एकच आहे.

त्या दिवाळीला मी मुंबईला परतलो, तो पिशवी हातात घेऊनच व्यायामशाळेत गेलो. दुपार होती. यशवंत एकटाच वाळूच्या पोत्याची उसवलेली शिवण घालत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डोळा बरा होता. तू सोंग करत होतास, ते मला कळलं होतं. तू पुढे गेलेला मला बघवलं नाही. आणि कट्ट्यावर मी मुद्दाम गप्प बसलो.

त्याची सुई थांबली. मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्याने सुई पोत्यात खोचून ठेवली.

"आबास्नी सांगितलंस?"

"सांगितलं."

"जेवू दिलं का?"

"न्हाय."

त्याचे ओठ हलले. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. मी त्याच्यापेक्षा सहा महिन्यांनी थोरला. धाकट्याच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. मी पिशवी खाली ठेवली, वाकलो आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

"माझं चुकलं, यशवंता."