दाबक्यांच्या मिशनची जागा

निशिकांत दाबके सव्वीस वर्षं एका बँकेत नव्या शाखांच्या जागा ठरवायचं काम करत होते. समोरून किती माणसं जातात, सावली कुठं पडते, MRT म्हणजे मेट्रोचं स्टेशन किती पावलांवर आहे, हे सगळं ते स्वतः उभं राहून मोजत. लग्नाच्या कार्यालयात गेले तरी आधी दारं मोजत. त्यांच्या पत्नी सुनेत्राताईंनी हे सव्वीस वर्षं सोसलं होतं. आता निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि मोजायला काही उरणार नाही अशी त्यांना आशा होती.

ती आशा एका प्रशिक्षणानं मोडली. बँकेनं निशिकांतरावांना आठवडाभर सॅन डिएगोला पाठवलं होतं आणि रिकाम्या रविवारी ते तिथलं जुनं स्पॅनिश मिशन, म्हणजे पाद्र्यांचं धर्मप्रसाराचं ठाणं, बघायला गेले. बाकीचे लोक बागेत फोटो काढत होते. हे मात्र भिंतीवरच्या माहितीपुढे तासभर उभे. अडीचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश पाद्र्यांनी कॅलिफोर्नियात एकवीस मिशनं उभारली. जागा निवडताना ते वाहतं पाणी बघत, पिकाऊ जमीन बघत, इमारतीला लाकूड आहे का, जवळ वस्ती आहे का ते बघत. एवढं करून निम्म्या जागा चुकायच्या. एक मिशन पुरात गेलं म्हणून हलवलं. हे सॅन डिएगोचंच पहिल्या जागेवरून सहा मैल आत आणलेलं. निशिकांतरावांना वाटलं, ही तर आपल्याच खात्याची माणसं.

तेव्हापासून घरात पाद्री शिरले. भाजी निवडतानासुद्धा सुनेत्राताईंना कुठलं मिशन किती वेळा हललं ते ऐकावं लागे.

त्यातच टॅम्पिनीसचा मोठा फ्लॅट सोडून त्याच शहरात, समुद्राकडच्या पासिर रिसला लहान फ्लॅट घ्यायचं ठरलं. तिथं निशिकांतरावांच्या दोनशे मराठी पुस्तकांना जागा नव्हती.

"पुस्तकं रद्दीत घालायची नाहीत," ते म्हणाले. "मी वाचनालय काढतो. दर रविवारी, चाकांच्या बॅगेतून."

"काढा. तीन रविवार देते," सुनेत्राताई म्हणाल्या. "तीन रविवारांत एकही पुस्तक कुणी नेलं नाही, तर मी रद्दीवाल्याला फोन करणार. नव्या घरात मला पलंगावर झोपायचंय, पुस्तकांवर नाही."

निशिकांतरावांनी तक्ता केला. ओळखीच्या बावीस मराठी कुटुंबांचे पत्ते नकाशावर टाचले आणि सगळ्यांना सारखंच अंतर पडेल असा बिंदू काढला. तो पासिर रिसच्या बागेत, समुद्राजवळच्या एका छपराखाली आला. पिण्याच्या पाण्याचा नळ वीस पावलांवर, सावली पूर्ण, वारा उत्तम. तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा पडल्या.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला त्यांनी बॅग उघडली, चाळीस पुस्तकं मांडली, नोंदवही ठेवली आणि शेजारी देवघरातली पितळी घंटा. चिवड्याचा डबा सुनेत्राताईंकडे होता.

"घंटा कशाला?"

"एका पाद्र्यानं मिशन स्थापताना झाडाला घंटा बांधून वाजवली होती. रानात चिटपाखरू नव्हतं. सोबतचा पाद्री म्हणाला, वाजवताय कुणासाठी?"

"मग मीही तेच विचारते."

निशिकांतरावांनी घंटा वाजवली. एक सायकलवाला थांबला. आइस्क्रीमची गाडी नाही हे बघून निघून गेला.

दुसऱ्या रविवारी कुणीच थांबलं नाही. चिवडा अर्धा संपला. सुनेत्राताई समुद्राकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या पाद्र्यांनी तिथल्या लोकांना विचारलं होतं का, मिशन कुठं हवंय म्हणून?"

निशिकांतरावांनी डब्याचं झाकण लावलं. "नाही विचारलं. हवंय का, हेही नाही. एकदा आत आलेल्याला परत जाऊही देत नसत. पळालेल्यांना शिपाई धरून आणत."

"त्यांच्याकडे शिपाई होते. तुमच्याकडे चिवडा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विचारावंच लागेल."

"कुणाला?"

"बावीस घरं नकाशावर टाचलीत. रविवारी दहा वाजता त्या घरांत असतं कोण? सगळे टॅम्पिनीसला. मुलं वर ट्यूशनमध्ये, आईबाप खालच्या कॉफीशॉपमध्ये दोन तास फोन बघत बसलेले. रविवारी भाजीला गेले की नेहमी भेटतात."

"तिथं गोंगाट फार," निशिकांतराव म्हणाले. "तक्त्यात बसत नाही."

"नाही बसत. आपण जाऊन बसू."

तिसऱ्या रविवारी सकाळी बॅग टॅम्पिनीसच्या कॉफीशॉपमध्ये आली. मागे भांडी आपटत होती, शेजारी दोन म्हातारे चिनी गृहस्थ मोठ्यानं वाद घालत होते. निशिकांतरावांनी घंटेला हात घातला. सुनेत्राताईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली आणि चिवड्याचा डबा उघडला.

पावणेअकरा झाले. निशिकांतराव घड्याळाकडे बघायचं टाळत होते. रद्दीवाल्याचा नंबर सुनेत्राताईंच्या फोनमध्ये आहे हे त्यांना ठाऊक होतं.

पलीकडच्या टेबलावरून, त्या बावीस घरांपैकी एका घरातली, कादंबरी पाठक उठून आली. तिची मुलगी अवनी वर गणिताच्या ट्यूशनला होती. तिनं आधी चिवडा घेतला. मग एक पुस्तक चाळलं, आणि उभ्या उभ्या चार पानं वाचून झाल्यावर खुर्ची ओढली.

"काका, हे नेऊ का? दहावीनंतर मराठी काही वाचलंच नाही हो."

निशिकांतरावांनी नोंदवही इतक्या घाईनं उघडली की कॉफी सांडली. "न्या की. सही इथं. मुदत वगैरे काही नाही. पण दोन आठवड्यांत आणलंत तर बरं."

"परत कुठं आणू? इथं वर पासिर रिसची बाग लिहिलंय, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. उन्हात कोण येणार?"

"इथंच," सुनेत्राताई म्हणाल्या.

साडेअकराला ट्यूशन सुटेपर्यंत पाच पुस्तकं गेली. अवनी खाली आली, आईच्या हातातलं पुस्तक बघून इथल्या शाळेतल्या सुरात म्हणाली, "ममी, होमवर्क आह?" आणि चिवड्याची मूठ भरून घेतली.

सगळे गेल्यावर निशिकांतरावांनी नोंदवहीचं पहिलं पान काढलं. पासिर रिस खोडून टॅम्पिनीस लिहिलं. खाली 'जागेची निवड' असा रकाना होता, त्यात त्यांनी लिहिलं, 'पाहणीअंती, सर्वानुमते.'

सुनेत्राताईंनी वाकून वाचलं.

"पाहणी कुणी केली तेही लिहा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातलं पेन स्वतःच घेतलं.