पळणारं पान

कृत्रिम पाय बसवणाऱ्या ताईंना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. जेवतानाही त्या दोनदा उठायच्या. त्यांची आई म्हणायची, "हिला खुर्ची देऊ नका, शिक्षा केल्यासारखं होतं."

त्या दिवशी बंबवाले काका आले. अग्निशमन दलात असताना जळत्या जिन्यावरून कोसळून त्यांचा पाय गुडघ्याच्या वरपासून गेला होता. आता त्यांचा यांत्रिक गुडघा दुमडला की सरळच होईना. पाय काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "माझ्यापेक्षा हट्टी झालाय."

गुडघा जुना होता. तो कसा जुळवायचा याचा व्हिडिओ कंपनीच्या मूळ देशातल्या साइटवर आहे, हे ताईंना ठाऊक होतं. पण ते पान डोळ्यांसमोर आलं न आलं तोच गायब व्हायचं आणि कंपनीची आपल्या देशासाठीची साइट उघडायची. तिथे नुसते नवे, चकचकीत गुडघे. जुन्याचं नावही नाही. ताईंनी पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा तेच. त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा पत्ता टाकला.

काका स्टुलावरून बघत होते. "माझ्या वाटणीच्या येरझाऱ्या तुम्हीच घाला," ते म्हणाले.

ताईंना हसू आलं, पण हाताची चुळबुळ थांबेना. त्यांनी वहिनीला फोन लावला. वहिनी प्रवासाची तिकिटं काढून द्यायची. देशोदेशीच्या साइट्सशी तिचा रोजचा झगडा.

"मी कुठे राहते हे या पानाला कोणी सांगितलं?" ताईंनी अडचण सांगून विचारलं.

"तुझ्या इंटरनेटच्या जोडणीवरून कळतं त्याला. पानाच्या अगदी तळाशी जा. आपल्या देशाचं नाव दिसेल, ते बदल."

ताईंनी बदललं. पान टिकलं. पण घाईघाईत त्यांच्या हातून ब्राउझरच बंद झाला, आणि पुन्हा उघडला तर पहिले पाढे पंचावन्न.

"बंद करताना ब्राउझरनं सगळं पुसून टाकावं, असं लावून ठेवलंयस का?" वहिनीनं विचारलं.

"हो. मला पसारा खपत नाही."

"मग तू निवडलेला देशही पुसला जातो. सेटिंगमध्ये जा, एवढ्या एका साइटला सूट दे. आणि ताई, जरा बस."

ताई बसल्या. सूट दिली, तळाशी जाऊन देश पुन्हा निवडला, मग मुद्दाम सगळं बंद करून उघडलं. पान जागचं हललं नाही. व्हिडिओतला माणूस बोलत होता ती भाषा दोघांनाही कळेना, पण गुडघ्यामागचा कुठला स्क्रू किती फिरवायचा ते दिसत होतं. ताईंनी तसाच फिरवला.

काकांनी पाय चढवला. पहिल्या फेरीत गुडघा एकदा अडला. ताईंनी स्क्रू आणखी जरासा सैल केला. दुसऱ्या फेरीत तो मुकाट्याने सरळ झाला.

"लिफ्टनं जा," ताई म्हणाल्या.

"आज जिन्यानंच."

ते कठड्याला धरून उतरू लागले. ताई त्यांच्या एक पायरी पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, उलट्या पावलांनी उतरत राहिल्या.