वहिनीची वार

"तुला वासाची सवय असेल. तुमच्याकडे घरोघरी मासळीच ना?"

मॅडमनी हसत रक्ताळलेला डबा माझ्यापुढे सरकवला. आत वार होती, कुणा बाळंतिणीची, नाळेसकट पडलेली. प्रयोगशाळेतले बाकीचेही हसले. मला हसू आलं नाही.

विद्यापीठात आमचा अभ्यास गरोदरपणावर. काही मुलं दिवस भरायच्या आधीच का जन्मतात, याचं कारण वारेत शोधायचं. प्रवेश परीक्षा सगळ्यांनी एकच दिलेली. पण मायक्रोस्कोप एव्हरशाईनच्या टॉवरमधल्या मुलीकडे आणि वार धुणं पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या माझ्याकडे. लेख छापायची वेळ आली की मी नुसती मदतनीस.

वार जिथून मिळायची त्या हॉस्पिटलात आमच्या वस्तीतल्या बायका बाळंतपणाला आणायचं कामही माझंच. "तुझं ऐकतात त्या," मॅडम म्हणायच्या. वार घेण्याआधी डॉक्टर त्या त्या बाईला विचारत असतील, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे वार टाकत नाहीत. घरामागे पुरतात. माझी माडाखाली आहे.

मग वहिनी त्याच हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी. मी डब्यात वार घेऊन बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले तर दारात आई मडकं घेऊन उभी.

"बाय, वार दे. पुरायची हाय."

"अभ्यासाला ठेवू का, असं वहिनीला कुणी विचारलं?"

"नाय गो. आमाला कोन इचारतंय?"

त्या दिवशी माझ्याबरोबर आलेल्या मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "सांग त्यांना, फेकून दिली. कुठे समजावत बसणार?"

म्हणजे खोटं बोलायचं. तेही माझ्या आईशी, माझ्याच तोंडून. डोकं सणकलं माझं. मी झाकण काढलं आणि वार आईच्या मडक्यात ठेवली.

"अगं, सॅम्पल आहे ते."

"माझ्या वहिनीची वार आहे."

"तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस."

"मग ठेवा सही तुमच्याकडेच."

मॅडमनी मला काढलं. आता नवा मार्गदर्शक शोधतेय, दोघांनी नाही म्हटलंय. म्हणू देत. हा अभ्यास मी सोडणार नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेली मुलं आमच्याही घरांतून गेलीत. पण प्रत्येक बाईला आधी विचारीन, तिला कळेल अशा भाषेत. ती नाही म्हणाली तर रिकामा डबा घेऊन परत फिरेन.

मॅडमनाही तसंच फिरावं लागेल. पाचूबंदरात घरोघरी जाऊन मी सगळं सांगून आलेय.