बंगल्याच्या अंगणातले बिबडे

पोलिसाची नोकरी म्हटली की लोकांना खून आणि दरोडे ऐकायचे असतात. तेही मी भरपूर पाहिले. पण कोणी 'एखादी केस सांगा' म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवतं ते जळगावातल्या एका सरकारी बंगल्याचं अंगण, आणि त्यात उन्हाला मांडलेल्या खाटा. त्या केसमध्ये ना कोणाला बेड्या पडल्या ना कोणी कोर्टात उभं राहिलं. तरी एका माणसाचं सगळं आयुष्य त्या खाटांवर टांगलेलं होतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धुळ्याहून बदली होऊन मी नुकताच जळगावला स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक म्हणून आलो होतो. त्याच सुमारास सरकारने एका मंडळावर नवे प्रमुख नेमले. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही. चोपडा तालुक्यातल्या एका बौद्ध कुटुंबातला हा गृहस्थ. आई दुसऱ्यांच्या कपाशीत निंदणी करून याला शिकवत आलेली. भुसावळकडची कायम नोकरी सोडून त्याने हे पद घेतलं होतं. परतीची वाट म्हणून काही ठेवलेलीच नव्हती.

अशा मोठ्या नेमणुकीच्या अटी फार कडक असतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बंगला, गाडी, टेलिफोन मिळतो, ते सगळ्यांना दिसतं. पण पहिलं वर्ष परिवीक्षेचं, म्हणजे कच्च्या नेमणुकीचं. स्वतः किंवा सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनी कोणताही व्यापार करायचा नाही. मंडळाशी संबंध असलेल्या ठेकेदाराकडून काडीचीही भेट घ्यायची नाही. बंगला वापरायचा तो राहण्यासाठीच. यातली एक अट मोडली तरी नेमणूक रद्द, नोटीस वगैरे काही नाही.

एका सकाळी माझा बातमीदार स्टेशनात आला. बंगल्यासमोर त्याची पानाची टपरी होती. हजेरी चालली होती, म्हणून तो कोपऱ्यात थांबला आणि सगळे पांगल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, नव्या साहेबाच्या बंगल्यात पापडाचा कारखाना निघालाय. ढीगभर बाया कामाला. ज्वारी ठेकेदाराच्या टेम्पोतून आली, मी डोळ्यांनी पाहिली."

मी त्याला वाटेला लावतो न लावतो तोच एस.पी. साहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्याकडेही तक्रार पोहोचली होती. तक्रार करणारा मंडळातलाच एक जुना अधिकारी, बंगल्याला लागूनच राहणारा. हे पद आपल्यालाच मिळणार म्हणून त्याने आधीच पेढे सांगून ठेवले होते, असं ऑफिसात लोक हसून बोलत. "या लोकांना बंगल्यात राहायचं कळत नाही," असंही तो एस.पी. साहेबांना म्हणाला होता. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग वेगळा आणि चौकशी वेगळी. तक्रार खरी असली तर खरीच लिहावी लागणार होती.

"गोपनीय चौकशी करा," साहेब म्हणाले. "गणवेश नको, जीप नको."

दुसऱ्या दिवशी साधा सदरा घालून सायकलीवर गेलो. फाटक उघडंच. अंगणभर खाटा, खाटांवर जुनी लुगडी ताणलेली, आणि त्यावर ज्वारीचे बिबडे थापण्याचं काम जोरात. ज्वारी भिजवून, दळून, तिखटमीठ घालून शिजवायची आणि गरम गरम ओल्या कापडावर थापायची. वाळली की वर्षभराची सोय. खानदेशात उन्हाळ्यात घरोघरी हेच चालतं. पण एकाच अंगणात इतक्या खाटा मीही पाहिल्या नव्हत्या. कारखाना म्हणावं असंच ते दृश्य होतं.

डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी माझ्याकडे वळली. "उभा काय राहिना भाऊ? धर ती खाट, ऊन तिकडे सरकनं!"

ही मंडळाच्या नव्या साहेबांची आई; बायका तिला अक्का म्हणत होत्या. मी त्यातल्या कोणत्यातरी बाईचा नवरा असेन, असं तिला वाटलं. मी मुकाट्याने खाट धरली. एक झाली, दुसरी झाली, घामाघूम होईपर्यंत अक्कांनी मला सोडलं नाही. मग शिजवलेल्या पिठाचा गरम गोळा वर तेल घालून हातावर ठेवला. इतकं चवदार मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं, हे कबूल करतो.

खाता खाता सहज विचारलं, "अक्का, हा माल जातो कुठं?"

"माल? घरना बिबडा कोनी इकस का? येडा शे का तू?"

घरचे बिबडे विकायचे, या कल्पनेनेच बायका खो खो हसल्या. पण हसण्यावर अहवाल लिहिता येत नाही. ज्वारी कोणाची, हा प्रश्न तसाच होता. कोपऱ्यात रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कापडाची एकेक चिंधी. तेवढं टिपून मी निघालो.

निघून थेट मंडळाच्या ऑफिसात गेलो आणि साहेबांना माझी ओळख आणि तक्रार दोन्ही सांगितली. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते म्हणाले, "आई माझ्यासोबत राहते, म्हणजे ती अटीत येते. बायको-मुलं शाळा संपेपर्यंत भुसावळला, मी दिवसभर ऑफिसात. अंगणात काय चाललंय ते मी विचारलंच नाही. तिने एक पापड जरी विकला असेल, तरी मी आजच राजीनामा लिहून देतो." मी नको नको म्हणत होतो, पण त्यांनी टेलिफोन उचललाच आणि आईला विचारायला सुरुवात केली. प्रामाणिक माणसं चौकशीत फार त्रास देतात, हा माझा अनुभव आहे.

इकडे टेम्पोच्या ड्रायव्हरला स्टेशनात बोलावून घेतलं होतं. तिशीतला गडी, चोपड्याकडचाच. घाबरून खुर्चीच्या काठावर बसला. मी चहा मागवला. चहा हातात आला की माणूस अर्धं खरं आपणहून बोलतो.

"ज्वारी तुझ्या मालकाने पाठवली?"

"नही साहेब! गावन्या बायास्नी शे. गावमा पानी नही, बिबडास्ले पानी लागस. साहेबनी माय बोलनी, मन्हाकडे नळ शे, बठ्ठ्या इथेच या. त्या एस.टी.मा उन्यात, गोण्या मी लई उनू."

"म्हणजे बाया एस.टी.ने आल्या आणि गोण्या तू आणल्यास. आणि भाडं?"

"घेतलं ना! गावनी मावशी शे म्हनीसन सोडी दिसू का? मालक मना जीव घेई."

"कोणाची गोणी कोणती, कसं कळणार?"

"ज्यानी त्यानी चिंधी बांधेल शे ना. आपला लुगडानी."

मी चहा तसाच ठेवून उठलो. प्रत्येक बाई आपले बिबडे आपल्याच जुन्या लुगड्यावर वाळवते आणि गोणीलाही त्याच लुगड्याची चिंधी बांधते. गोणी आणि खाट यांचा मेळ बसला की ज्वारी कोणाची आणि पापड कोणाचे, दोन्ही एकदम कळणार होतं. या वेळी गणवेश घातला आणि जीपही घेतली.

बंगल्यावर पोहोचलो तर साहेबांचा टेलिफोन येऊन गेलेला. अंगणात थापणं बंद. बायका अर्धेओले बिबडे लुगड्यासकट गुंडाळत होत्या. पायरीवर अक्का बसलेल्या, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. मला गणवेशात पाहून त्या उभ्या राहिल्या.

"तू पोलीस व्हता?" त्या म्हणाल्या. "मी गावले चालनी, भाऊ. मना पायी पोरनी नोकरी जावाले नको. लिखी ले, चूक मनी शे, त्याले काही ठाऊक नव्हतं."

मी कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "कोणी खाटेला हात लावायचा नाही! सगळं होतं तिथं मांडा!"

गोपनीय चौकशीत पंचनामा नसतो. मी केला. पंच म्हणून समोरच्या शाळेचे हेडमास्तर बोलावले, आणि दुसरे पंच म्हणून शेजारचे ते तक्रारदार अधिकारी. त्यांना नाही म्हणताच येईना. बायकांना आपापल्या खाटेशी उभं केलं आणि गोण्या एकेक करून पुढे आणल्या. हिरव्या काठाची चिंधी हिरव्या काठाच्या लुगड्याला जुळली, चौकड्याची चौकड्याला. शेवटी एक विटकी निळी चिंधी उरली. तिचं लुगडं सापडेना.

"ती मनी," अक्का पुटपुटल्या, आणि गाठोडं सोडून आपलं निळं लुगडं बाहेर काढलं. त्यांची खाट शेवटी लागणार होती. आधी बाकीच्यांचं, मग स्वतःचं. त्यांच्यात रीतच तशी होती. आज सगळ्या मिळून एकीचे थापायचे, उद्या दुसरीचे. मजुरीचा प्रश्नच नव्हता.

मी पेन शेजारच्या अधिकाऱ्यांपुढे धरलं. त्यांनी मान खाली घालून सही केली. अक्कांनी त्यांच्याही हातावर गरम पिठाचा गोळा ठेवला. ते उभ्याउभ्या खात होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

अहवालात मी तिन्ही अटी क्रमाने घेतल्या. व्यापार नाही, भेट नाही. तिसऱ्या अटीपाशी जरा थांबलो आणि लिहिलं, 'बंगल्याचा वापर राहण्यासाठीच होत आहे. या भागात उन्हाळ्यात राहणे म्हणतात ते यालाच.' एस.पी. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुरावा किती खाल्लात?" मग सही केली. वर्ष संपलं आणि मंडळाचे साहेब त्या पदावर कायम झाले.

चौकशी करताना माणूस काय करतो एवढंच पाहून भागत नाही; त्याच्या गावात ते कशासाठी करतात तेही विचारावं लागतं, हे मी तिथं शिकलो. पुढे कितीतरी निरपराध माणसं त्यामुळे माझ्या हातून सुटली, याचं मला समाधान आहे.

अक्कांनी नंतर बिबड्यांचा डबा पाठवला होता. मी परत केला. नोकरीच्या अटी मलाही होत्या. अक्का रुसल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच तोड काढली आणि माझ्या बायकोला निरोप धाडला. ती सगळ्या बायकांबरोबर थापायला बसली, हात भाजून घेतले, अहिराणी शिव्या शिकून आली. शेवटच्या दिवशी मी तिला घ्यायला गेलो. अक्कांच्या निळ्या लुगड्याशेजारच्या खाटेवर आमच्या घरचं जांभळं लुगडं ताणलेलं होतं, आणि त्यावर आमचे बिबडे वाळत होते.

"उभा काय राहिना भाऊ?" अक्का म्हणाल्या. "धर खाट. आज तुनी शे."