पेट्रोलचा काटा

निलेश गेला त्या दुपारी मी उधन्याच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. सचिन गावातल्या ज्या डाईंग मिलमध्ये तो हिशेबाचं काम करायचा, तिथून फोन आला... खुर्चीतच कोसळला म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा धाकटा भाऊ. नाना म्हणजे आमचे वडील, तो आणि मी, असे तिघंच घरात. दहाव्याला कुणीतरी विचारलं, नोकरीशिवाय काय करायचा? नाना म्हणाले, "काही नही. गेम खेये."

खरं तर निलेश खेळायचा फार कमी. संगणकावरच्या शर्यतीच्या खेळात हौशी लोक स्वतः बनवलेल्या गाड्या घालतात, त्यांना मॉड म्हणतात. अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर बहुधा काट्यांचं नुसतं चित्र असतं. निलेश ते काटे चालते करायचा. इंजिन तापेल तसा तापमानाचा काटा सावकाश चढायचा, पेट्रोल जळेल तसा पेट्रोलचा उतरायचा. कुठकुठले परदेशी लोक त्याच्याकडून काटे करून घ्यायचे. कधीमधी आभारही मानायचे.

शेवटची गाडी मात्र त्यानं नानांसाठी केली. नानांचं आयुष्य पर्वत पाटिया भागातल्या एका कापडवाल्या शेठची गाडी चालवण्यात गेलं. ती पांढरी गाडी पूल चढायला लागली की पेट्रोलचा काटा झपकन पडायचा आणि उतारावर पुन्हा जागेवर यायचा. लहानपणी क्वचित त्या गाडीत बसायला मिळे, तेव्हा निलेश बाहेर न बघता त्या काट्याकडेच बघत बसायचा. तो पडणारा काटा जमवण्यात त्याचा अख्खा पावसाळा गेला. जमला तेव्हा ओरडला, "ताई, जो ने, बघ, पडला! नाना एका नजरेत ओळखतील."

नाना बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. निलेशनं दारात जाऊन विचारलं, "नाना, दोन मिनिट बसशात का?"

नानांनी मानही वळवली नाही. "खोटी गाडी. तिले खरा काटा कसाले जोयजे?"

तरी तो विचारत राहिला. शाबासकीची आशा त्यानं कधीच सोडली होती. काटा बरोबर पडतो, एवढंच त्याला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

बैल गेला नि झोपा केला. तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी नाना आपणहून निलेशच्या संगणकासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. संगणक मीच लावून दिला. खेळातल्या रस्त्यावर पूल आला, काटा पडला. "बराबर शे," ते म्हणाले. मग हळूच, "आसाच पडे." मला संताप आला. दोन मिनिटं तर मागत होता तो!

तेव्हापासून ते रोज गाडी चालवायला लागले. गेल्या आठवड्यात पेट्रोल संपलं आणि गाडी पुलावरच थांबली. खेळ बंद करून पुन्हा लावला तरी टाकी रिकामीच राहते, तीही निलेशचीच करामत.

"बाई, पेट्रोल कसं भरानं?" नानांनी विचारलं.

"माले काय माहीत?" मी म्हणाले.

अजूनही ते संध्याकाळी तिथे जाऊन बसतात, तळाला टेकलेल्या काट्याकडे बघत. पेट्रोल भरायचं बटण कोणतं, ते निलेशनं मला दाखवलं होतं. मी सांगितलेलं नाही.