तोंडी परीक्षा

पेण-रोहा एसटीत त्या रोज माझ्या शेजारी बसायच्या. रोह्याच्या कॉलेजात शिकवत, नवरा कुवेतला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मधे बोलायला फटच मिळायची नाही.

त्या संवादशास्त्रात पीएचडी करत होत्या. कोर्सवर्क झालं, शोधनिबंध छापून आले, प्रबंध जमा झाला, हे सगळं अख्ख्या गाडीला ठाऊक. कंडक्टर तर आधीपासूनच "डॉक्टरीणबाई, जरा सरका" म्हणायचा. उरली होती फक्त तोंडी परीक्षा.

आदल्या दिवशी त्यांनी मला परीक्षक केलं. मी विचारलं, "आखातातल्या नवऱ्यांचे व्हॉइस मेसेज बायका कशा ऐकतात, हा तुमचा विषय. मग काय सापडलं?"

वडखळला सुरू झालेलं उत्तर नागोठण्यालाही संपेना.

"मॅडम, परीक्षक केव्हाच घरी गेले," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बायका मेसेज दोनदा ऐकतात. एकदा काय बोलला ते कळायला, नि दुसऱ्यांदा बरा हाय ना, ते कळायला."

"एवढंच सांगा."

परीक्षेनंतर त्या पेढे घेऊन आल्या. "तेवढंच सांगितलं. तर परीक्षकबाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळा ऐकता?"

"मग?"

"तोंडातून शब्दच फुटला नाय गो. बाईंनी पाणी दिलं नि अभिनंदन केलं."

पुढे रोह्यापर्यंत त्या गप्प होत्या. मला ती शांतता सोसेना, म्हणून मीच काहीबाही बोलत राहिले.